सेर्जिओ पाउलिन्यो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सेर्जिओ पाउलिन्यो कोण?

पोर्तुगालचा निवृत्त व्यावसायिक रोड सायकलपटू. जन्म २६ मार्च १९८०, लिस्बनला लागून असलेल्या ओएराश गावचा. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये रोड रेसचं रौप्यपदक, २००६ मध्ये स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीतला एक टप्पा, २०१० मध्ये टूर द फ्रान्समधला एक टप्पा, आणि २००४ व २००८ अशी दोन वर्षं टाइम ट्रायलचं, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने चालवायच्या शर्यतीचं, राष्ट्रीय विजेतेपद. ठळक यश एवढंच. बाकीची सगळी वर्षं तो दुसऱ्यांना जिंकवण्यासाठी सायकल चालवत होता आणि या पानावर मुख्यतः त्याबद्दलच लिहिलं आहे.

एवढ्या थोड्या विजयांच्या माणसावर इतकं मोठं पान कशाला?

सायकलिंगमध्ये निकालाचा कागद अर्धीच गोष्ट सांगतो म्हणून. २००६ ची व्हुएल्टा कझाकस्तानच्या अलेक्सांद्र विनोकुरोवने जिंकली. २००७ आणि २००९ ची टूर द फ्रान्स, २०१२ आणि २०१४ ची व्हुएल्टा स्पेनच्या आल्बेर्तो कोंतादोरने जिंकली. या पाचही शर्यतींत विजेत्याच्या संघात पाउलिन्यो होता. तीन आठवड्यांची शर्यत जिंकणाऱ्या संघात पाच वेळा निवड होणं ही योगायोगाची गोष्ट नाही. संघ व्यवस्थापक भावनेच्या भरात नावं निवडत नाहीत. जागा मोजक्या असतात आणि प्रत्येक जागेसाठी रांग लागलेली असते.

पोर्तुगालमध्ये सायकलिंग खरंच एवढं लोकप्रिय आहे का? तिथे तर सगळे फुटबॉलवेडे.

फुटबॉलवेडे आहेतच, पण तिथे दोन्ही खेळ एकमेकांत मिसळलेले आहेत. स्पोर्टिंग, बेनफिका, पोर्तो या नावाजलेल्या फुटबॉल क्लबांचे वेगवेगळ्या काळात सायकल संघही होते. १९२७ पासून होणारी ‘व्होल्टा आ पोर्तुगाल’ म्हणजे देशाची परिक्रमा. ती उन्हाळ्यात, ऑगस्टच्या आसपास होते. सेर्रा दा एश्त्रेलाच्या डोंगरातला तोर्रेचा चढ आणि उत्तरेकडचा सेन्योरा दा ग्रासा हे तिचे दोन नामांकित घाट. तिथे माणसं रस्त्याच्या कडेला आधीपासून ठाण मांडून बसतात.

देशाचा मोठा नायक मात्र झुआकिम आगोस्तिन्यो. मोझांबिकच्या वसाहती युद्धात शिपाई म्हणून जाऊन आलेला, उशिरा सायकलिंगकडे वळलेला शेतकरी घरातला माणूस. १९७८ आणि १९७९ अशी लागोपाठ दोन वर्षं तो टूर द फ्रान्समध्ये तिसरा आला आणि १९७९ मध्ये त्याने आल्प द्युएझचा टप्पाही मारला. १९८४ मध्ये आल्गार्वच्या शर्यतीत कुत्रा आडवा आल्याने तो पडला, डोक्याला मार बसला आणि दहा दिवसांनी वारला. आल्प द्युएझच्या एका वळणावर त्याचं स्मारक आहे. पाउलिन्योच्या पिढीतली मुलं हीच गोष्ट ऐकत मोठी झाली.

अथेन्समध्ये नेमकं काय झालं?

१४ ऑगस्ट २००४, स्पर्धांचा पहिलाच दिवस. शहराच्या मध्यातच १३.२ किलोमीटरचा रिंगणाकार मार्ग आखला होता. अ‍ॅक्रोपोलिसजवळून जाणारा आणि प्रत्येक फेरीत लिकाबेतोसच्या टेकडीवर चढवणारा. अशा १७ फेऱ्या, म्हणजे २२४.४ किलोमीटर. टेकडी एकदा चढायला फार नाही. पण तोच चढ सतराव्यांदा, ऑगस्टच्या उन्हात, साडेपाच तास पाय चालल्यानंतर चढायचा असतो, तेव्हा ती टेकडी राहत नाही.

सगळ्यांचं लक्ष इटलीच्या पाओलो बेत्तिनीवर होतं. एक दिवसाच्या शर्यतींत त्या काळात त्याच्याइतका धोकादायक माणूस दुसरा नव्हता. छोट्या चणीचा, आणि चढावर असा काही उसळी मारायचा की मागच्याला प्रतिसाद द्यायचा की नाही हे ठरवेपर्यंत अंतर पडलेलं असायचं. शर्यतीच्या अखेरीला त्याने तेच केलं. मागे नामवंतांचा अख्खा घोळका होता, पण त्याच्या चाकाला चिकटून राहू शकला तो एकटा पाउलिन्यो. वय २४, तेव्हा एका पोर्तुगीज देशी संघाकडून खेळणारा. युरोपातल्या अनेक पत्रकारांना त्याचं नाव यादीत शोधावं लागलं असणार.

दोघांनी मिळून घोळक्याला पुढे येऊ दिलं नाही आणि शेवटच्या धावेत बेत्तिनी निघून गेला. वेळ ५ तास ४१ मिनिटं ४४ सेकंद. पाउलिन्यो एका सेकंदाने मागे. तिसरा आला बेल्जियमचा आक्सेल मर्क्स, थोर एडी मर्क्सचा मुलगा, ८ सेकंदांनी. उरलेल्या घोळक्याच्या पुढे जर्मनीचा एरिक झाबेल होता, त्याला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं.

पाउलिन्यो त्या दिवशी सुवर्ण जिंकू शकला असता का?

माझं उत्तर: नाही, आणि त्याने ते ओळखलं यातच त्याचं शहाणपण. बेत्तिनीला धावेत हरवणं कठीण आहे हे त्याला ठाऊक असणारच. तो बेत्तिनीच्या मागे नुसता बसून राहिला असता, पुढे येऊन वारा घेतला नसता, तर दोघांचा वेग पडला असता आणि मागून झाबेलसारखे शेवटच्या धावेत तरबेज सायकलपटू येऊन धडकले असते. मग रौप्य सोडाच, दहावा क्रमांक मिळाला असता. अशा वेळी दोघांनीही आपापला वाटा ओढायचा असतो. एकाला सुवर्णाची खात्री वाटते, दुसऱ्याला पदकाची. हा न बोललेला करार त्याने नीट पाळला.

काही जण याला भित्रेपणा म्हणतात. बेत्तिनीसोबत लिकाबेतोसच्या चढावर जाऊन दाखवलेल्या माणसाला भित्रा म्हणणं मला तरी पटत नाही.

हे पोर्तुगालचं सायकलिंगमधलं पहिलंच ऑलिम्पिक पदक होतं का?

हो. पुढची पदकं यायला २०२४ चं पॅरिस उजाडावं लागलं. तिथे इउरी लेइताँवने ट्रॅकवर ओम्नियममध्ये रौप्य आणि रुई ओलिवेइरासोबत मॅडिसनमध्ये सुवर्ण मिळवलं.

पदकानंतर काय बदललं?

पत्ता बदलला. २००५ मध्ये तो मानोलो साइस यांच्या लिबर्टी सेगुरोस या स्पॅनिश संघात गेला. सायकलिंगमधल्या पहिल्या श्रेणीचा हा संघ, आणि त्यात कोंतादोर नावाचा एक तरुण होता. देशी संघात तो ज्या शर्यतीत स्वतःसाठी खेळायचा, तिथे आता दुसऱ्यांसाठी खेळायचं होतं. ऑलिम्पिक पदक घेऊन आलेल्या माणसाला हे जड गेलं नसेल असं नाही. पण पुढच्या बारा वर्षांत त्याने ते काम असं अंगवळणी पाडलं की त्याच्या संघांना तेच त्याचं वैशिष्ट्य वाटू लागलं.

२००६ मध्ये त्याला टूर द फ्रान्समधून का बाहेर काढलं?

हा प्रश्न टाळून त्याची कारकीर्द सांगता येत नाही, म्हणून क्रमाने सांगतो.

मे २००६ मध्ये स्पॅनिश पोलिसांनी डॉक्टर एउफेमियानो फुएन्तेस आणि काही जणांना अटक केली. खेळाडूंना उत्तेजकं पुरवण्याच्या प्रकरणाच्या या तपासाचं नाव ‘ऑपेरासिओन पुएर्तो’. अटक झालेल्यांत मानोलो साइसही होते. लिबर्टी सेगुरोस या विमा कंपनीने लगेच हात काढून घेतला आणि संघ अस्ताना-वुर्थ या नावाने कसाबसा उभा राहिला. टूर १ जुलैला स्ट्रासबुर्गमध्ये सुरू होणार होती. आदल्या दिवशी, ३० जूनला, तपासात नावं असलेल्या खेळाडूंना बाहेर काढण्यात आलं. यान उलरिख आणि इव्हान बास्सो त्याच दिवशी गेले. अस्तानाच्या नऊपैकी पाच जणांची नावं त्यात होती: होसेबा बेलोकी, इसिद्रो नोसाल, ॲलन डेव्हिस, आल्बेर्तो कोंतादोर आणि सेर्जिओ पाउलिन्यो.

संघाला सुरुवात करायला किमान सहा खेळाडू लागतात. उरले चार. त्यामुळे संघाचा नायक अलेक्सांद्र विनोकुरोव, ज्याचं त्या यादीत नावही नव्हतं, तोही सायकल घेऊन घरी गेला.

पुढे जुलैच्या अखेरीस स्पॅनिश न्यायालयाने या पाचही जणांविरुद्ध काही नसल्याचं कळवलं आणि ते पुन्हा खेळू लागले. टूर मात्र तोवर संपली होती.

मग त्याच वर्षी व्हुएल्टा कशी खेळला?

नुसती खेळला नाही, टप्पाही जिंकला. टूर गमावलेला अस्तानाचा संघ ऑगस्टच्या शेवटी स्पेनमध्ये उतरला तो हिशेब चुकता करायला उतरल्यासारखाच. आठवा आणि नववा टप्पा विनोकुरोवने घेतला, आणि दहाव्यात, आविलेसहून आल्तामिराच्या संग्रहालयाकडे जाणाऱ्या दिवशी, पाउलिन्यो जिंकला. शेवटी विनोकुरोव पहिला, त्याच संघाचा काशेचकिन तिसरा. दोन महिन्यांपूर्वी ज्यांना सुरुवातीच्या रेषेवर उभं राहू दिलं नव्हतं, त्यांची ही कमाई.

पुढच्याच वर्षी विनोकुरोव टूरमध्ये रक्तबदलाच्या चाचणीत सापडला, ही त्या काळाची दुसरी बाजू. त्या दशकातली एकही आनंदाची गोष्ट तळटीप दिल्याशिवाय सांगता येत नाही.

डोमेस्टिक म्हणजे नेमकं काय? दिवसभर तो करतो काय?

संघातला साहाय्यक. काम ऐकायला साधं आहे: नायकाला शेवटच्या घाटापर्यंत शक्य तितका ताजा पोहोचवणं. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत.

सगळ्यात मोठी गोष्ट वारा. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरने जाताना खेळाडूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. कुणाच्या तरी मागे चाकाला चाक लावून चाललं की त्यातली बरीच वाचते. म्हणून नायक कधीही उघड्यावर नसतो. त्याच्या पुढे, आणि आडवा वारा असेल तर बाजूलाही, कुणीतरी असतंच. तो ‘कुणीतरी’ दिवसाचे चार-पाच तास दुसऱ्याचा वारा खातो.

मग पाणी. संघाची गाडी घोळक्याच्या मागे असते. साहाय्यक मागे सरकतो, गाडीच्या खिडकीपाशी येतो, एकेक बाटली घेऊन जर्सीच्या मागच्या खिशांत आणि मानेजवळ पाठीवर कोंबतो. सहा-सात बाटल्या झाल्या की अंगावर चार-साडेचार किलो वजन वाढतं. ते घेऊन दीडशे माणसांच्या गर्दीतून पुढे यायचं, रस्ता अरुंद, कधी चढाचा, आणि घोळका त्याच्यासाठी थांबत नाही. पुढे येऊन बाटल्या वाटून झाल्या की थोड्या वेळात पुन्हा मागे. उन्हाळ्यातल्या टप्प्यात असे कितीतरी हेलपाटे होतात.

शिवाय नायकाचं चाक पंक्चर झालं आणि गाडी लांब असली तर आपलं चाक काढून द्यायचं. नायक लघुशंकेला थांबला तर सोबत थांबायचं आणि त्याला पुन्हा घोळक्यात आणून सोडायचं. प्रतिस्पर्धी पुढे पळाला तर पाठलागाचा वेग धरायचा. शेवटचा घाट सुरू झाला की पाय संपेपर्यंत ओढायचं आणि मग बाजूला व्हायचं. टीव्हीवर त्याच क्षणी कॅमेरा पुढे जातो. बाजूला झालेला माणूस मात्र अजून घाटातच असतो, त्याला ठरलेल्या वेळेच्या मर्यादेत वर पोहोचायचं असतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी बाहेर.

तो घाटाचा खेळाडू होता की सपाटीचा?

दोन्हीच्या मधला, आणि साहाय्यकाला तेच सोयीचं. मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहणाऱ्यांना ‘घाटाचा राजा’ माहीत असतो. पाउलिन्यो तसा राजा नव्हता. उंच आल्प्समध्ये शेवटच्या पाच किलोमीटरला कोंतादोरसोबत उरणाऱ्यांतला तो नव्हे. पण त्याआधीचे घाट तो नेटाने ओढायचा, सपाटीला तासन्तास वेग धरायचा, आणि दोन राष्ट्रीय किताबांवरून दिसतंच की घड्याळाशी एकट्याने झुंजण्यातही तो चांगला होता.

२००७ च्या टूरमध्ये त्याचा वाटा किती?

तो तेव्हा अमेरिकेच्या डिस्कव्हरी चॅनल संघात होता. ती टूर विचित्रच. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिल्या असलेल्याची जर्सी, घातलेल्या मिखाएल रासमुसेनला त्याच्याच संघाने शर्यत सुरू असताना घरी पाठवलं आणि जर्सी २४ वर्षांच्या कोंतादोरकडे आली. पॅरिसमध्ये पहिल्या तिघांत मिळून ३१ सेकंदांचं अंतर होतं: कोंतादोर, २३ सेकंदांवर कॅडेल इव्हान्स, ३१ सेकंदांवर डिस्कव्हरीचाच लीवाय लाइपहायमर. इतक्या कमी अंतराने तिघं कधी व्यासपीठावर नव्हते. तीन आठवड्यांत कुठेतरी वाऱ्यात अर्धा मिनिट गमावणं फार सोपं असतं. ते गमावू न देणं हाच साहाय्यकांचा वाटा.

२००९ मध्ये अस्ताना संघात भांडण होतं म्हणतात. खरं का?

सरळसरळ भाऊबंदकी. निवृत्तीतून परतलेला लान्स आर्मस्ट्राँग आणि तेव्हाचा सर्वोत्तम कोंतादोर एकाच संघात, आणि संघाचे प्रमुख योहान ब्रुईनील हे आर्मस्ट्राँगचे जुने सोबती. तिसऱ्या टप्प्यात ला ग्रांद-मोतच्या वाटेवर आडव्या वाऱ्याने घोळका फुटला. पुढच्या तुकडीत आर्मस्ट्राँग, पोपोविच आणि सुबेल्दिया; कोंतादोर मागे. पुढच्या तुकडीतल्या अस्तानाच्या माणसांनी वेग वाढवायला मदत केली, म्हणजे स्वतःच्याच संघातल्या माणसाला वेळ गमवायला लावली. दुसऱ्या दिवशी मोंपेलिएला सांघिक टाइम ट्रायलमध्ये हेच नऊ जण एकत्र येऊन जिंकले. त्या विजयात पाउलिन्यो होता. आर्मस्ट्राँगची पिवळी जर्सी त्या दिवशी सेकंदाच्या २२ शतांशाने हुकली.

कोंतादोरने शेवटी ती टूर ४ मिनिटं ११ सेकंदांनी जिंकली. अशा संघात साहाय्यकाची अवस्था सगळ्यात अवघड. पाणी दोघांनाही पोहोचवायचं, वेग दोघांसाठीही धरायचा, आणि रात्री जेवायला सगळ्यांनी एकाच टेबलावर बसायचं. पाउलिन्योने त्या काळात वर्तमानपत्रांना खाद्य पुरवलं नाही. मला वाटतं, दोन्ही बाजूंच्या संघांनी त्याला नंतर घेतलं यामागे हेही कारण असावं: २०१० मध्ये तो ब्रुईनील-आर्मस्ट्राँग यांच्या नव्या रेडिओशॅकमध्ये गेला आणि २०१२ मध्ये कोंतादोरच्या संघात परतला.

गापचा तो टप्पा कसा जिंकला? तेवढं सविस्तर सांगा.

१४ जुलै २०१०. फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस, दहावा टप्पा, शांबेरी ते गाप, १७९ किलोमीटर. त्या दिवसाची पूर्वपीठिका आधी पाहू या, नाहीतर साहाय्यकाला मोकळीक का मिळाली ते कळत नाही.

दोन टप्प्यांपूर्वी, आवोरियाझच्या दिवशी, आर्मस्ट्राँग वारंवार पडला आणि त्याने अकरा मिनिटांहून जास्त वेळ गमावला. रेडिओशॅकचा मुख्य बेतच कोसळला. नवव्या टप्प्यात मादलेनचा प्रचंड घाट होता. तिथे कोपर मोडलेल्या कॅडेल इव्हान्सकडून पिवळी जर्सी गेली आणि ती अँडी श्लेककडे आली. म्हणजे दहाव्या दिवशी बड्यांचे पाय जड होते, श्लेकच्या संघाला विनाकारण दमायचं नव्हतं, आणि रेडिओशॅकला काहीतरी कमवायची घाई होती. असा दिवस पळून जाणाऱ्यांचा.

सहा जणांची तुकडी निघाली. तिच्यात एकूण वेळेच्या क्रमवारीत कुणीही धोकादायक नव्हता, म्हणून घोळक्याने दोरी सैल सोडली. उन्हाचा दिवस, लाफ्रेचा चढ, मग नॉयेची खिंड. शेवटी दोघं सुटले: पाउलिन्यो आणि बेलारूसचा वासिल किरियेंका. किरियेंका लेचापेचा नव्हता. ट्रॅकवरचा जागतिक विजेता, आणि पुढे २०१५ मध्ये टाइम ट्रायलचाही जागतिक विजेता झाला.

शेवटच्या किलोमीटरला अथेन्सचीच मांडणी: दोघंच, मागे भीती कमी, पुढे रेषा. या वेळी मात्र दुसऱ्या क्रमांकावर खूश राहण्याचं कारण नव्हतं. टूरमध्ये टप्प्यात दुसरा येणाऱ्याला कुणी पदक घालत नाही. दोघं शेजारी शेजारी आले, रेषेवर दोघांनीही सायकल पुढे फेकली आणि पाउलिन्यो चाकाच्या किंचित अंतराने पुढे होता. नुसत्या डोळ्यांनी सांगणं कठीण. मुख्य घोळका चौदा मिनिटांहून अधिक उशिरा आला. पाउलिन्यो तोवर व्यासपीठाची तयारी करत होता.

१९८९ मध्ये आकासिओ दा सिल्वाने लक्झेंबुर्गमध्ये टप्पा जिंकला होता. त्यानंतर टूरमध्ये टप्पा जिंकणारा पहिला पोर्तुगीज पाउलिन्योच, २१ वर्षांनी.

त्या वर्षी रेडिओशॅकच्या काळ्या जर्सीचं काय प्रकरण होतं?

छोटं पण मजेशीर. संघ सांघिक वर्गवारीत पहिला होता. पॅरिसच्या शेवटच्या टप्प्याला ते सगळे कर्करोगाविरुद्धच्या प्रचारासाठी २८ आकडा लिहिलेल्या काळ्या जर्सी घालून निघाले. जर्सी बदलायला परवानगी घेतली नव्हती. पंचांनी रस्त्यावरच थांबवून नेहमीच्या जर्सी घालायला लावल्या. नायकांपासून साहाय्यकांपर्यंत सगळे रस्त्याच्या कडेला कपडे बदलत होते.

त्याने कधी पिवळी जर्सी घातली का?

नाही. इटलीच्या जिरो शर्यतीची गुलाबी किंवा व्हुएल्टाची जर्सीही नाही. पोर्तुगालकडून टूरची पिवळी जर्सी पहिल्यांदा घातली ती आकासिओ दा सिल्वाने, १९८९ मध्ये.

फुएंते देचा टप्पा त्याच्या कारकिर्दीत इतका महत्त्वाचा का मानतात?

निकालात तिथे त्याचं नाव वरती कुठे नाही, तरी मी तो टप्पा गापच्या बरोबरीने ठेवतो.

५ सप्टेंबर २०१२, व्हुएल्टाचा सतरावा टप्पा, सांतान्देर ते फुएंते दे. उत्तेजक प्रकरणातली बंदी भोगून नुकताच परतलेला कोंतादोर होआकिन रोद्रिगेसच्या २८ सेकंद मागे होता. उभ्या चढांच्या शेवटी रोद्रिगेस त्याला रोज मात देत होता. शेवटचा चढ फुएंते देचा, तुलनेने सौम्य. तिथे काही घडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. कोंतादोरने रेषा पन्नासेक किलोमीटर लांब असताना, एका छोट्या चढावर उडी मारली.

एकटा राहिला असता तर दरीच्या लांब सपाट रस्त्यावर तो वाऱ्यात मेला असता. पण पुढच्या तुकडीत संघाने आधीच माणसं पेरून ठेवली होती: हेसूस एर्नांदेस आणि सेर्जिओ पाउलिन्यो. कोंतादोर त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि दोघांनी स्वतःची संधी सोडून ओढायला सुरुवात केली. मागे रोद्रिगेसकडे तेवढ्या वेळात माणसंच उरली नाहीत. संध्याकाळपर्यंत त्याने २ मिनिटं ३८ सेकंद गमावली आणि व्हुएल्टातल्या पहिल्या क्रमांकाची लाल जर्सीही. कोंतादोरने टप्पा जिंकला आणि पुढे व्हुएल्टाही.

वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी कोंतादोरच्या धाडसावर पानं भरली, आणि ते योग्यच. पण त्या धाडसाला पुढे सकाळीच पेरलेले दोन साहाय्यक नसते तर त्याला आपण वेडेपणा म्हणालो असतो.

२०१५ ची व्हुएल्टा त्याने का सोडली?

टीव्हीच्या मोटारसायकलने धडक दिली म्हणून. टप्पा अँडोराचा, घाटांनी भरलेला. पायाला खोल जखम, टाके, शर्यत संपली. त्याच शर्यतीत काही दिवस आधी त्याच्याच संघाचा पीटर सागानही शर्यतीतल्या मोटारसायकलने पाडला होता. त्या वर्षांत अशा घटना वाढल्या होत्या आणि घोळक्यात किती वाहनं सोडायची यावर बराच वाद झाला.

साहाय्यकाला पैसे कसे मिळतात?

संघाकडून वार्षिक पगार. बक्षिसाच्या रकमा तशा फार नसतात. २०१० मध्ये टूरचा एक टप्पा जिंकल्यावर ८,००० युरो होते आणि एकूण विजेत्याला ४,५०,००० युरो. रिवाज असा की विजेता आपली बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत आणि मेकॅनिक, मसाज करणाऱ्या मंडळींत वाटतो. त्याला स्वतःला पुढच्या करारात त्याहून कितीतरी जास्त मिळणार असतात. साहाय्यकाचा पुढचा करारही अशाच विजयांवर ठरतो, त्यामुळे नायक जिंकणं ही त्याच्या पोटापाण्याची बाब.

आर्मस्ट्राँग, कोंतादोर, विनोकुरोव. सगळ्यांवर डाग. मग पाउलिन्योच्या कारकिर्दीकडे कसं पाहायचं?

प्रश्न रास्त आहे. आर्मस्ट्राँगचे १९९८ पासूनचे निकाल २०१२ मध्ये रद्द झाले. कोंतादोरचे २०१० ची टूर आणि २०११ चा जिरो हे दोन विजय क्लेनबुटेरॉल या बंदी असलेल्या औषधाच्या प्रकरणात गेले. विनोकुरोवचं वर आलंच. पाउलिन्योबद्दल नोंद आहे ती एवढी: २००६ मध्ये नाव आलं, बाहेर काढलं, न्यायालयाने मोकळं केलं. त्यापलीकडे अंदाज बांधायला मी तयार नाही. त्याच वेळी, तो ज्या संघांत होता त्यांची हवा कशी होती हे विसरून त्याची कहाणी सांगणंही खोटं ठरेल. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच वाचायचं.

पोर्तुगीज सायकलपटूंत त्याचा क्रमांक कितवा?

क्रमवारी लावलीच तर आगोस्तिन्यो वेगळ्याच उंचीवर. त्यानंतर रुई कोस्ता, २०१३ मध्ये फ्लॉरेन्सला जागतिक विजेता झालेला आणि टूरचे तीन टप्पे जिंकलेला. अलीकडचा झुआंव आल्मेइदा, २०२० च्या जिरोमध्ये १५ दिवस गुलाबी जर्सीत राहिलेला. जुझे आझेवेदो टूरमध्ये २००४ साली पाचवा आला, तोही मूळचा साहाय्यकच. पाउलिन्योला मी आझेवेदोच्या शेजारी बसवेन. आझेवेदो डोंगरात अधिक ताकदवान, पण ऑलिम्पिक पदक आणि टूरचा टप्पा पाउलिन्योकडे.

शेवटची वर्षं कुठे खेळला?

तिंकॉफ, म्हणजे कोंतादोरचा तोच संघ, २०१६ च्या अखेरीस बंद पडला. पाउलिन्यो पोर्तुगालला परतला आणि २०१७ पासून एफापेल या देशी संघातून खेळला, म्हणजे जिथून निघाला होता तिथल्याच रस्त्यांवर. अशा संघांना अनुभवी माणूस हवाच असतो, तरुणांना वारा कुठून येतो आणि कधी पुढे सरकायचं हे शिकवायला.

जुन्या चित्रफिती बघायच्या असतील तर कुठून सुरुवात करू?

अथेन्सची शेवटची फेरी आणि गापचा शेवटचा किलोमीटर, हे दोन्ही मिळून अर्ध्या तासात होतील. त्यानंतर वेळ काढून फुएंते देचा टप्पा बघा, आणि कोंतादोर पुढच्या तुकडीला गाठतो तिथपासून त्याच्याकडे न बघता त्याच्या पुढे कोण आहे तेवढंच बघा.